खरजेचं मलम आणि आईचा आंबाडा

वस्तू: परमेथ्रिन ५ टक्के मलम, ३० ग्रॅमची ट्यूब. कोणाला वापरलं: माझी आई, वय ८६, वजन ४४ किलो, आणि तिच्या मागोमाग आम्ही सगळे. मलमाला पाचपैकी साडेचार गुण, खोक्यातल्या पत्रकाला एक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तीन निरनिराळ्या कंपन्यांच्या ट्यूबा घरात येऊन गेल्या, आतलं औषध एकच, फरक फक्त झाकणात.

मी इथे बडोद्यात, रेल्वेच्या प्रतापनगर कचेरीत, अकाउंट्समध्ये, ३१ वर्षं काढली. रिटायर झालो तरी वही सुटलेली नाही. दूध किती आलं, गॅस कधी लावला, आईच्या गोळ्या, तिला रात्री झोप लागली की नाही, सगळं तारीखवार. बायको मला चित्रगुप्त म्हणते. म्हणू दे. या हिवाळ्यात त्याच वहीमुळे खरजेचा माग लागला आणि एका बाईवरचा आळ पुसला गेला, म्हणून मलमाआधी वहीतल्या चार नोंदी.

ऑक्टोबरअखेर आई मोरीत पडली. खुब्याचं हाड. ऑपरेशननंतर २ ते १६ नोव्हेंबर ती एका खासगी केंद्रात होती, तिथे चालण्याचा सराव करून घेतात. खोलीत तीन खाटा, पांघरुणं आज या खाटेवर तर उद्या त्या. १६ तारखेला घरी, दांडिया बाजारात. ३ डिसेंबरपासून पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या एका ब्युरोकडून दिवसाच्या बेन (आमच्याकडे बाईंना बेनच म्हणतात) यायला लागल्या. आणि १२ डिसेंबरची नोंद: ‘आई रात्री दोनदा उठली. पाठ खाजते.’

आईचं निदान तयार होतं. पित्त उठलंय. आमसुलं भिजवून कोळ चोळून झाला. मग कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, मग खोबरेलात कापूर. कापराने बरं वाटायचं, तासभर. नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खुर्चीतूनच पाहिलं आणि म्हणाले, थंडीचे दिवस, वय झालेलं, कातडी कोरडी पडते. रात्री खाजेची गोळी आणि एक मलम. गोळीने आई सकाळी दहापर्यंत गुंगीत. खुबा नुकताच जोडलेला, आणि वॉकर धरून उठताना ती एकदा अशी कलली की बेननी पदर धरून सावरलं. मलम लावलं की दोन दिवस लाली उतरायची, तिसऱ्या दिवशी दुप्पट जागेत. त्या मलमात स्टेरॉइड होतं हे मला महिन्याने कळलं. स्टेरॉइडने सूज दबते, खरजेचा किडा मरत नाही, उलट निवांत पसरतो. आणि ती ट्यूब संपल्यावर चिठ्ठी न दाखवता मेडिकलमधून आणखी दोन आणणारा मीच. ही नोंद माझ्या नावे.

१४ जानेवारीचं उत्तरायण आलं, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत. आईला खाली ओट्यावर उन्हात बसवून मी गच्चीत. दुपारी उंधियु घ्यायला उतरलो तर बेन बांगड्या कोपराकडे सारून मनगट खाजवत होत्या, अगदी दात-ओठ खात. माझ्याही बोटांच्या बेचक्यांत चुरचुर होतीच, ती मी मांजावर ढकलली. रात्री वही लिहिताना अडलो. चुरचुर आठवडाभराची, आणि पतंग हातात धरला तो आज. जमा-खर्च जुळेना.

१७ जानेवारीला आईला कारेलीबागेत एका त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी आईला काही विचारण्याआधी मला विचारलं, घरात आणखी कोणाला खाज आहे? या एका प्रश्नाला मी पाचपैकी पाच देतो. दीड महिन्यात तो कोणी विचारला नव्हता, मीसुद्धा.

मग त्यांनी आईचा ब्लाउज सैल करून पाठ, काख, कंबर, पोट, तळवे, सगळं भिंगाखाली घेतलं. भिंग मोबाइलला लावलेलं. कमरेपाशी थांबल्या आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. कातडीवर पांढुरकी वेडीवाकडी रेघ, आणि तिच्या टोकाला इवलासा तपकिरी त्रिकोण.

“पतंग,” मी म्हणालो. “दोरासकट.”

हसल्या. रेघ म्हणजे किड्याने कातडीच्या वरच्या थरात खणलेलं बीळ, त्रिकोण म्हणजे त्याचं तोंड आणि पुढचे पाय. बाकीचं अंग पारदर्शक, दिसतच नाही. कोळ्याच्या जातीचा, आठ पायांचा, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. मादी रोज दोन-तीन अंडी घालत पुढे सरकते, तीन-चार दिवसांत अंडी फुटतात, दोन आठवड्यांत नवी पिढी तयार. साध्या खरजेत अख्ख्या अंगावर जेमतेम दहा-पंधरा किडे असतात. एवढ्यांनी घर नाचवलं.

“बा, आ खस छे,” डॉक्टरबाई आईला म्हणाल्या.

आईचा जन्म बडोद्याचा, गुजराती तिला मराठीइतकंच येतं. पण उत्तर मराठीतच दिलं. “खरूज? आमच्याकडे?”

रिक्षात घरापर्यंत बोलली नाही. तिचे सासरे गायकवाड महाराजांच्या सरकारवाड्यात, खानगी खात्यात होते, आणि आमच्या लहानपणी अंघोळ टाळली की ‘खरूज होईल, मेल्या’ हाच दम होता. खरूज अस्वच्छ घरची, हे डोक्यात इतकं घट्ट की रात्री ती मला म्हणाली, ताईला सांगू नकोस. मी तिला वाचून दाखवलं की जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये हा आजार दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलाय, जगात कुठल्याही घडीला वीस कोटींहून जास्त लोकांना तो असतो, आणि अंघोळीचा याच्याशी काही संबंध नाही, कातडीला कातडी बराच वेळ लागली की झालं. आई म्हणाली, “असू देत वीस कोटी. त्यात आपण कशाला?”

आता, वय झालेल्या माणसात हा आजार लपतो कसा, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, कारण आम्ही तिथेच फसलो. खाज ही खरं तर किड्याची, त्याच्या अंड्यांची आणि विष्ठेची ॲलर्जी. तरण्या कातडीवर पुरळ उठतं, बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, चटकन लक्षात येतं. म्हातारं शरीर तेवढं चिडत नाही. पुरळ कमी, नुसती खाज, नुसता कोंडा. जागाही बदलतात: पाठ, मान, कानामागे, डोक्यातसुद्धा. आईची बोटं स्वच्छ होती. त्यात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं, खाजवण्याची ताकद नसली, तर कातडीवर जाड खपल्या चढतात आणि दहा-पंधराचे लाखो होतात. ते प्रकरण वेगळं, तिथे दवाखान्यात ठेवावं लागतं. आम्ही त्याच्या अलीकडे होतो.

चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेलो. पहिल्या मुलाने १ टक्क्याची बाटली हातात ठेवली. ती उवांची. वर एक परमेथ्रिनचा साबण, ‘काका, याने पण जातं.’ जात नाही. साबण अंगावर दोन मिनिटं असतो, मलम आठ ते चौदा तास ठेवायचं असतं. चिठ्ठीवर ५ टक्के लिहिलंय हे त्याला बोटाने दाखवावं लागलं.

मलमाबद्दल. पांढरं, कोल्ड क्रीमसारखं, पण पातळ. पसरतं छान, चिकट राहत नाही, दहा मिनिटांत मुरतं. वास नसल्यासारखा, साडीला डाग नाही. खाजवून सोललेल्या जागी थोडा वेळ चुरचुरतं, आई ‘मिरची लावलीस का रे’ म्हणाली, पाव तासात शांत. आईच्या लहानपणी गंधकाचं मलम असायचं, तिला अजून तो वास आठवतो, सगळ्या आळीला कळायचं कोणाच्या घरी काय झालंय. गंधक आजही चालतं म्हणे, तान्ह्या मुलांना आणि गरोदर बायकांना देतात. पण या मलमाने शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही, आणि आईच्या लेखी निम्मं औषध तेच.

पहिल्या वेळी आम्ही हरलो, ते मात्र मलमामुळे नाही.

चिठ्ठीवर ‘डोक्यापासून तळव्यांपर्यंत’ असं स्पष्ट होतं. पण मांजलपूरहून ताई आली (सांगावंच लागलं), तिने चष्मा लावून पत्रक वाचलं. पत्रकात ‘मानेपासून खाली’. ताई पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेली, छापलेल्यावर विश्वास ठेवते. आणि आईला तेच हवं होतं. तिचा आंबाडा. केस पांढरे, विरळ, आंबाडा सुपारीएवढा उरलाय, पण रोज सकाळी ती स्वतः घालते, ऑपरेशनच्या दिवशीही घातला होता. “केसांना तसलं काही लावायचं नाही.” ठरलं. १८ जानेवारीला मानेखाली, २५ तारखेला पुन्हा मानेखाली.

पत्रक धडधाकट माणसासाठी लिहिलंय. वय झालेल्यांना, तान्ह्यांना आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना डोकं, कपाळ, कानामागे, सगळीकडे लावायचं असतं, डोळे आणि तोंड तेवढं सोडून. हे एक वाक्य मोठ्या अक्षरांत छापलं असतं तर आमचा पंधरवडा वाचला असता. चार गुण त्याचे कापले.

दुसरी चूक ब्युरोची. घरातल्यांनी आणि बेननी, सगळ्यांनी एकाच रात्री मलम लावायचं, हे डॉक्टरबाईंनी तीनदा बजावलेलं. म्हणून मी सरळपणे ब्युरोला फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बेन आल्याच नाहीत. ब्युरोने ‘पेशंटला रोग लावला’ म्हणून त्यांना काढलं आणि अर्ध्या महिन्याचे पैसे अडकवले. बदली बाई पाठवली. मी गप्प बसलो, कारण मलाही मनात तेच वाटत होतं. एका खोलीत राहणारं चौघांचं कुटुंब, तिथूनच आलं असणार.

२ फेब्रुवारीला तपासणी. डॉक्टरबाईंनी आईचा कान पुढे दुमडला, भिंग लावलं. आणखी एक पतंग. आणि मग मला विचारलं, त्या बेनचं काय झालं? मी सांगितलं. त्यांनी तारखा विचारल्या. वही खिशात होतीच.

पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. अंग ओळखायला तेवढा वेळ घेतं. आईची खाज १२ डिसेंबरची. मागे मोजा: चार आठवडे म्हणजे १४ नोव्हेंबर, सहा म्हणजे ऑक्टोबरचा शेवट. ती त्या केंद्रातच होती. बेन आल्या ३ डिसेंबरला, नऊ दिवसांत त्यांच्याकडून लागून खाज सुटणं बसत नाही. आणि त्यांचं मनगट? उत्तरायणाला, सहा आठवडे पुरे. म्हणजे आईने बेनना दिली होती, बेननी आईला नाही.

एकतीस वर्षांत बरेच ताळेबंद जुळवले, इतकी लाज एकातही वाटली नव्हती. संध्याकाळी पाणीगेटला बेनच्या घरी गेलो. आधी माफी, मग अडकलेले पैसे माझ्या खिशातून. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्या चौघांना पाहून ट्यूबा लिहून दिल्या. ब्युरोला वहीच्या पानांचे फोटो पाठवले. निळी खूण आली, उत्तर नाही. ब्युरोला शून्य. बेन आता आमच्याकडे थेट येतात.

३ फेब्रुवारीची रात्र. एकाच वेळी आमच्या घरी, ताईकडे आणि पाणीगेटला मलम. आईला कोमट पाण्याने अंघोळ, गरम नाही. अंग पूर्ण कोरडं झाल्यावर बेन बसल्या. हातमोजे घालून. आधी आंबाडा सोडला. आई डोळे मिटून बसली. बेननी तेल घालताना पाडतात तसे भांग पाडले, एकेक बोटभर अंतरावर, आणि प्रत्येक भांगात मलमाची बारीक रेघ ओढून बोटाच्या पेराने जिरवली. कपाळ, भुवयांच्या वर, कानाची पाळी, पाळीमागची घडी, मान. मग मी बाहेर. बाकीचं त्यांनी केलं: काखा, स्तनांखालच्या घड्या, बेंबी, जांघा, माकडहाडाची फट. पायांना मला आत बोलावलं. नखं मी दुपारीच कापली होती. जुन्या टूथब्रशवर मलम घेऊन वीसही नखांच्या खाली फिरवलं. आईची पायाची नखं शिंपल्यासारखी जाड, तिथेच सगळ्यांत जास्त वेळ गेला. माझ्या मते ब्रशशिवाय हे काम होत नाही.

वृद्धांच्या बाबतीत पुढचे घोटाळे वेगळेच असतात. तळव्याला मलम म्हणजे फरशीवर साबण, खुबा जोडलेल्या बाईला तर नकोच. म्हणून त्या रात्री कमोडची खुर्ची खाटेला लावून ठेवली, एक पाऊलही टाकू दिलं नाही. रात्री डायपर बदलला की तिथलं मलम पुसलं जातं, पुन्हा लावायचं. हात धुतले, पुन्हा लावायचं. झोपेत बोटं तोंडात जाऊ नयेत म्हणून हातांत सुती मोजे. सकाळी आठला, म्हणजे अकरा तासांनी, अंघोळ. मग आईने आरसा मागितला आणि आंबाडा घातला.

डोक्यासकट आईला एक ट्यूब पुरली नाही, दुसरीतली थोडी लागली. ट्यूब शंभर रुपयांच्या आसपास, पण दोन्ही फेऱ्यांत मिळून सगळ्यांच्या ट्यूबा मोजल्या तर आकडा हजारांत जातो. कापलेला अर्धा गुण याचा. ३० ग्रॅम म्हणजे एका बेताच्या माणसाचं मानेखालचं अंग, हे खोक्यावर कुठेच नाही.

बरोबर आयव्हरमेक्टिनची गोळी दिली, जेवणानंतर, आठवड्याने पुन्हा. करोनात जिचं नाव घराघरांत झालं तीच. तिचं मूळ जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतल्या जिवाणूत, आणि २०१५ च्या वैद्यकाच्या नोबेलचा अर्धा वाटा त्याच शोधाला. मात्रा किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, मी लगेच ४४ ने गुणलं. डॉक्टरबाईंनी माझा कागद बाजूला सारला, आधी आईच्या बाकीच्या गोळ्यांची यादी पाहिली, रक्त पातळ करणारी गोळी कोणती, किती, ते विचारलं, मग लिहून दिलं. तेव्हा गुणाकार तुम्ही करू नका. १० फेब्रुवारीला मलमही पुन्हा, कारण पहिल्या वेळी काही अंडी वाचतात.

कपड्यांचं फार अवडंबर नको. किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांवर जगत नाही. तीन दिवसांत वापरलेल्या चादरी, साड्या, टॉवेल कडक गरम पाण्यात, उन्हात, इस्त्री. घरभर फवारणी करायची नसते, ती करून देतो म्हणणारा एक जण आला होता, परत पाठवला. अडली फक्त गोधडी. आजीच्या नऊवारींची, आईने स्वतः शिवलेली, उकळली असती तर चिंध्या. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं आणि माळ्यावर टाकली. तीन दिवस पुरे होते, मी आठ ठेवली. आई रोज विचारायची, तिला वारा तरी लागतोय का.

आणि हे आधी कोणी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो: किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे राहते. मेलेला माल कातडीतच असतो. आई चौथ्या दिवशीच म्हणाली, मलम खोटं आहे. शेजारच्या एकाने स्वतःच्या पायांना ते रोज लावून कातडी भाजून घेतली. तसं करायचं नाही. कॅलामाइन, साधं मॉइश्चरायझर, आणि कळ काढायची. ४ मार्चची नोंद: ‘आई १० ते ५ सलग झोपली.’ त्या केंद्रात वही घेऊन गेलो होतो तेही सांगतो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, आमच्याकडे असलं काही नसतं.

परत येताना आठवलं, त्या खोलीत आणखी दोन खाटा होत्या. मधल्या खाटेवरच्या काकूंच्या मुलाचा नंबर होता माझ्याकडे, डब्यांच्या अदलाबदलीमुळे. फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, काकूंना रात्री झोप लागते का?

“छे हो, रात्रभर पाठ खाजवतात. डॉक्टर म्हणतात वयाची कातडी. का?”

डॉक्टरबाईंचा पत्ता दिला. घरात आणखी कोणाला खाज आहे का, ते विचारलं. बायकोला आहे म्हणाला. मग म्हटलं, पत्रकात मानेखाली लिहिलेलं असेल, त्यावर जाऊ नका. आणि जुना टूथब्रश टाकू नका.